दार्जिलिंगचे तीन बहर आणि पुण्याचे पाणी

गेल्या नोव्हेंबरात दार्जिलिंगच्या चौरस्त्याजवळील एका जुन्या दुकानातून मी कोऱ्या चहाची तीन पाकिटे आणली. तिन्ही पाकिटे एकाच मळ्याची आणि प्रत्येकी १०० ग्रॅमची होती. फरक एवढाच, की पहिल्यातील पाने मार्चअखेरीस खुडलेली होती, दुसऱ्यातील जूनमध्ये, आणि तिसऱ्यातील पाने आम्ही तेथे पोहोचण्याच्या दोनच आठवडे आधी. पाकिटांवर अनुक्रमे फर्स्ट फ्लश, सेकंड फ्लश आणि ऑटमनल असे छापलेले आहे. आपल्याकडे डाळिंबाच्या आणि संत्र्याच्या बागांमध्ये मृग बहर, हस्त बहर, आंबे बहर असे म्हणतात, त्याच जातीचे हे शब्द असल्याने मी येथे त्यांना पहिला, दुसरा आणि शरदाचा बहर म्हणणार आहे. मळ्याचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. सहा महिने हे तिन्ही चहा आलटून पालटून प्यायल्यानंतर मला सांगायचे आहे ते इतकेच, की दार्जिलिंगच्या चहाचा कोणता बहर आपल्या घरात, आपल्या पाण्यात आणि आपल्या सवयींमध्ये टिकतो. आणि हे त्या एका मळ्यापुरतेच खरे आहे असे नाही.

सुरुवात मात्र फसली. दुकानात मालकांनी किटलीत खळखळणारे पाणी थेट पानांवर ओतले, तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ उलटे केले आणि मग पांढऱ्या वाटीत गाळून पहिल्या बहराचा चहा पुढे केला. त्याचा रंग लिंबाच्या सालीसारखा फिकट पिवळा होता, पण चव तोंडभर पसरणारी होती. मटाराच्या कोवळ्या शेंगा सोलताना बोटांना जो हिरवा गोडसर वास येतो तो त्यात होता, आणि घोट गिळल्यानंतर जिभेच्या कडांवर किंचित तुरटपणा रेंगाळत होता. पुण्यात आल्यावर मी तोच चहा, माझ्या समजुतीने अगदी तसाच, केला आणि तो कडवट झाला. नेमकी त्या दिवशी आत्या आली होती. कपाकडे पाहून तिने विचारले, ‘‘अगं, हा चहा आहे की चहाचं भांडं विसळलेलं पाणी?’’ आणि एक घोट घेतल्यावर म्हणाली, ‘‘रंग नाही तो नाहीच, वर कडू!’’ तिचा पहिला आक्षेप मनाला लावून घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुप्पट पाने आधणात टाकली आणि रोजच्या चहासारखी दोन मिनिटे खळखळून उकळली. त्यातून जे निघाले तो हिरड्याचा काढा म्हणून खपला असता. पाकीट बदलले गेले असावे, अशी शंका येण्यापर्यंत माझी मजल गेली होती. पाकीट बरोबर होते, चुकत होते ते पाणी आणि हात.

आपण ज्याला चहा म्हणतो तो बहुतेक घरांत सीटीसी पद्धतीचा असतो, म्हणजे दातेरी रुळांमध्ये पान चिरडून, फाडून आणि गुंडाळून केलेले बारीक दाणे. ही पद्धत १९३०च्या सुमारास आसामात निघाली आणि आज भारतात होणाऱ्या चहाचा फार मोठा हिस्सा याच पद्धतीचा आहे. पानाचा असा चुरा झाल्यामुळे रंग आणि कस पाण्यात क्षणात उतरतो, आणि त्यातील तुरट द्रव्ये दुधातल्या प्रथिनांना चिकटत असल्याने कितीही उकळले तरी तो चहा जिभेला टोचत नाही. पुण्यातले अमृततुल्य ज्या पातेल्यात दूध, साखर, आले आणि वेलदोडा एकत्र खळखळवते ती कृती या दाण्यांसाठी अचूक आहे, आणि मला तो चहा मनापासून आवडतो. पण अखंड, वळलेल्या पानाच्या कोऱ्या चहाला त्या कृतीने केले तर त्याचा वास वाफेबरोबर उडतो, तुरटपणा सगळाच्या सगळा खाली उतरतो, आणि तो झाकायला दूधही नसते. कोरा चहा म्हटले की आपल्याकडे अनेकांना आजारपणातला, लिंबू पिळलेला, नाइलाजाचा चहा आठवतो. दार्जिलिंगच्या पानाची पहिली अडचण हीच आहे, की ते या आठवणीच्या कपात ओतले जाते.

हे पान वेगळे का असते, ते त्याच सहलीत शहराच्या पोटाशी असलेल्या हॅपी व्हॅली मळ्यात डोळ्यांनी पाहता आले. १८५४ सालचा हा मळा सुमारे २००० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील उतार इतका तीव्र आहे की वरच्या ओळीतल्या बाईची पावले खालच्या ओळीतल्या झुडपांच्या शेंड्यांच्या पातळीवर दिसतात. तेथे मळ्याला ‘कमान’ म्हणतात. पाने खुडणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि त्यांच्या पाठीवरची डोको ही टोपली कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने तोललेली असते. झुडपे कमरेएवढी, गाठाळ बुंध्याची आणि बारीक पानांची. ही चिनी जात. आसामातील मोठ्या पानाच्या जातीला एवढी थंडी सोसत नाही. १८४१ मध्ये डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी दार्जिलिंगमधील आपल्या बागेत चहाचे बी लावून पाहिले आणि १८५०च्या दशकात तेथे मळे उभे राहिले, तेव्हापासून ही चिनी झुडपे या डोंगरांवर रुजली आहेत. थंड रात्री, दुपारनंतर चढणारे धुके आणि गाळून आल्यासारखे ऊन यांमुळे कोंब सावकाश वाढतो, आणि सावकाश वाढलेल्या कोंबात सुगंधी द्रव्ये अधिक साठतात. याची किंमत उत्पन्नात मोजावी लागते. दोन पाने आणि एक कळी असा कोंब खुडायचा, आणि एक किलो तयार चहाला असे सुमारे २०,००० कोंब लागतात. हा आकडा ऐकल्यानंतर मी पाकिटाच्या तळाशी उरलेला चुराही टाकून देत नाही.

कारखान्यात सर्वांत जास्त वेळ जातो तो पाने सुकवण्यात. जाळीच्या लांबलचक हौदांवर पाने पसरतात आणि खालून हवा सोडून ती रात्रभर मलूल होऊ देतात. मग ती यंत्रात वळली जातात, त्यात पेशी फुटतात आणि पानातला रस हवेशी भिडून तांबूस होऊ लागतो. सफरचंदाची फोड काळी पडते तीच ही क्रिया. पुढे गरम हवेने पान वाळवले की ती थांबते. पहिल्या बहरात मात्र कारागीर पान इतके कडक सुकवतात की त्यात ही क्रिया पूर्ण व्हायला लागणारा ओलावाच उरत नाही. म्हणून ‘काळा चहा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पाकिटात निम्मी पाने हिरवट दिसतात. मला हे ठाऊक नसते तर मी भेसळीची तक्रार केली असती.

आता पाकिटांकडे वळते. पहिल्या बहराच्या पाकिटाने मला सर्वांत जास्त आनंद दिला आणि सर्वांत जास्त निराशही केले. योग्य रीतीने केला तेव्हा तो दुकानातल्या घोटाच्या अगदी जवळ गेला: फिकट, चपळ, हिरव्या शेंगेच्या आणि रानफुलांच्या मधल्या कुठल्याशा वासाचा. पण तो आनंद डिसेंबरअखेरपर्यंतच पुरला. जानेवारीत त्याचा वास अर्धा झाला, आणि मार्चमध्ये पाकीट उघडले तेव्हा वाळल्या गवतापलीकडे फारसे काही उरले नव्हते. यात दोष थोडा माझा, थोडा दुकानाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटाचा. पण मूळ कारण चहाच्या घडणीतच आहे. अर्धवट थांबवलेल्या क्रियेचा हा चहा ताजेपणावर जगतो, आणि मी तो विकत घेतला तेव्हाच त्याला सात महिने उलटून गेले होते. तिन्ही पाकिटांत तो सर्वांत महाग होता, शरदाच्या पाकिटाच्या दुपटीहून अधिक. पहिल्या बहराचा बोलबाला युरोपात आणि जपानात मोठा आहे, आणि तेथे तो एप्रिलमध्येच विमानाने जातो. नोव्हेंबरात दार्जिलिंगला गेलेल्या प्रवाशाने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा बहर हा या चहाचा खरा राजा. मे-जूनमध्ये ऊन वाढते, पाऊस अजून पुरता आलेला नसतो, आणि त्याच वेळी झुडपांवर तुडतुडे आणि फुलकिडे पडतात. आपल्या कापूस उत्पादकांना ही दोन्ही नावे ऐकूनच घाम फुटेल. येथे मात्र तुडतुड्यांनी रस शोषलेले पान स्वतःच्या बचावासाठी जी सुगंधी द्रव्ये तयार करते तीच या बहराची ओळख ठरली आहेत. जाणकार त्या वासाला मस्कटेल म्हणतात, मस्कट द्राक्षांवरून. माझ्या नाकाला तो असा भावला: जास्त पिकलेल्या द्राक्षाची साल दाताखाली चिरडावी, आणि शेजारी कोणीतरी मनुकांचा डबा उघडावा. रंग नारिंगीकडे झुकणारा, घोट भरीव, आणि तुरटपणा असा की तोंड स्वच्छ होते पण कोरडे पडत नाही. कप रिकामा झाल्यावर मी तो पाच मिनिटांनी पुन्हा नाकाशी नेला, तेव्हा तळाशी मधासारखा वास राहिलेला होता. हे पाकीट मार्चपर्यंत उत्तम राहिले, एप्रिलमध्ये थोडे मंदावले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपले. तेही काही स्वस्त नाही, आणि सकाळच्या घाईत, एका हाताने डबा भरत पिण्याचा हा चहा नाही. त्याच्यापाशी दहा मिनिटे बसावे लागते, आणि ती रोज मिळत नाहीत.

शरदाच्या पाकिटाकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. दुकानातही ते शेवटी, जवळजवळ संकोचाने पुढे केले गेले होते. जुलै ते सप्टेंबरमधल्या पावसाळी पानांत पाणी जास्त आणि वास कमी असतो, म्हणून ती बहुतेक मिश्रणांत आणि पिशव्यांच्या चहात जातात. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो शेवटचा बहर येतो त्याची पाने मोठी, तपकिरी असतात आणि कपात उतरणारा रंग घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा असतो. त्यात पहिल्या बहराची चपळाई नाही आणि दुसऱ्याचा द्राक्षाचा दरवळही नाही. आहे ती एक गोलाई; भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीची आठवण करून देणारा कोरडा वास आणि साखर न घालताही जाणवणारा गोडवा. मुख्य म्हणजे हा चहा माफ करतो. पाणी थोडे जास्त तापले, पाने मिनिटभर जास्त राहिली, फोन आला आणि विसर पडला, तरी तो कडू होत नाही, फक्त गडद होतो. ‘विसळलेलं पाणी’ म्हणणाऱ्या आत्याने याचा कप पूर्ण प्यायला आणि जाताना थोडा पुडीत बांधून मागितला. ती घरी त्यात आले घालते असे नंतर कळले. त्याबद्दल मी काही बोलले नाही.

करण्याच्या पद्धतीवर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझे पहिले आठ दिवस तेथेच वाया गेले. दुकानात खळखळते पाणी ओतूनही चहा गोड लागला आणि घरी त्याच पाण्याने कडू झाला, याचे साधे कारण उंचीत आहे. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण दर ३०० मीटरला एक अंश असा हिशेब धरता येतो. दार्जिलिंग शहर सुमारे २००० मीटरवर आहे, तेव्हा तेथले उकळते पाणी जेमतेम ९३ अंशांचे असते. पुणे ५६० मीटरवर आहे, येथे तेच पाणी ९८ अंशांवर उकळते, आणि मुंबईत किंवा रत्नागिरीत १०० अंशांवर. त्यातच दुकानातल्या गार चिनी मातीच्या भांड्यात ओतताना आणखी दोन-चार अंश कमी झाले असणार, तर मी स्टीलच्या पातेल्यातच पाने टाकून, गॅस बारीक ठेवून झाकण लावले होते. म्हणजे दुकानदार जे ‘उकळते’ म्हणाले आणि मी जे ‘उकळते’ समजले, ती दोन वेगळी पाणी होती. तेव्हापासून पहिल्या बहरासाठी आधण आले की गॅस बंद करून मी दोन-तीन मिनिटे थांबते आणि पाणी ८५ ते ९० अंशांवर आले की ओतते. दुसऱ्या बहराला मिनिटभर थांबले तरी पुरते. शरदाच्या पानांवर मी आधणाचे पाणी तसेच ओतते. तापमापक नसेल तर एक युक्ती आहे: पाणी एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतावे. दर ओतण्याला ते बरेच अंश उतरते.

दुसरी गोष्ट मापाची. आपला चमचा सीटीसीच्या दाण्यांवर घडलेला आहे. वळलेली लांब पाने हलकी आणि पोकळ बसतात, त्यामुळे तोच चमचा कधी दीड ग्रॅम भरतो तर कधी त्याहूनही कमी. चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे असे माप ठरवले आहे. पण ते माप दोष हुडकण्यासाठी आहे, आनंदाने पिण्यासाठी नाही. मी २०० मिलिलिटरच्या कपाला ३ ग्रॅम घेते, आणि त्यासाठी मसाल्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा वापरते. पहिल्या बहराला अडीच ते तीन मिनिटे, दुसऱ्याला तीन ते चार, शरदाच्याला पाचही चालतात. या वेळात भांड्यावर झाकण हवेच. वेळ झाली की चहा शेवटच्या थेंबापर्यंत दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचा. पाने पाण्यात तशीच ठेवून कप भरत राहिले तर दुसरा कप पहिल्याचा शत्रू होतो. गाळलेल्या पानांवर थोडे अधिक वेळ पाणी ठेवून दुसरा कप निघतो. शरदाच्या पानांचा दुसरा कप तर मला पहिल्याइतकाच आवडतो. गाळणी मात्र मोठ्या पोटाची घ्यावी, कारण पाने फुलून चौपट होतात, आणि आपल्या बारीक गाळणीत कोंबली तर मधली पाने कोरडीच राहतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत नळाचे पाणी कमी झाले आणि बोअरचे टँकर सुरू झाले, तेव्हा एके सकाळी दुसऱ्या बहराच्या चहावर एक तपकिरी, चकाकणारी साय धरली आणि कपाच्या कडेला तिचा तुटक पट्टा उमटला. चहाचा रंगही मळकट, शाईकडे झुकणारा झाला होता. मी त्याच पाकिटातील तीन-तीन ग्रॅम पाने घेऊन एक कप टँकरच्या पाण्याचा आणि एक शेजारणीकडे साठवलेल्या महापालिकेच्या पाण्याचा असे दोन कप खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. दुसरा कप स्वच्छ नारिंगी होता आणि त्याच्या तळाला असलेली निळी फुले दिसत होती; पहिल्यात ती दिसत नव्हती. जड पाण्यातील कॅल्शियम आणि त्याचा क्षारधर्म यांच्याशी चहातील द्रव्यांची गाठ पडली की ही साय धरते आणि रंग काळवंडतो. आपल्या दुधाच्या चहात हे कधी लक्षात येत नाही. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांनी या चहापुरते तरी आरओचे पाणी वापरावे. नाहीतर महागडे पाकीट आणून उपयोग नाही, आणि दोष मात्र मळ्याला लागतो.

दूध घालू नये, हे वेगळे सांगायला नको. साखरेबद्दल माझा आग्रह नाही, पण दुसऱ्या बहरात ती वासाच्या आड येते. लिंबू पिळल्यास रंग क्षणात फिका होतो आणि मग लिंबाचेच सरबत प्यायल्यासारखे वाटते. गूळ मी एकदा घालून पाहिला, पुन्हा घालणार नाही.

खरेदीविषयी. दार्जिलिंग हे नाव कायद्याने राखलेले आहे. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेले हे पहिले उत्पादन, २००४ सालचे, आणि त्या मानांकनात ८७ मळे येतात. पाकिटावर हातात दोन पाने आणि एक कळी धरलेल्या स्त्रीचे बाजूने दिसणारे चित्र असते, ते पाहून घ्यावे. भारतात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यात दार्जिलिंगचा वाटा शेकडा एक इतकाही नाही. पूर्वी १ कोटी किलोच्या घरात असलेले उत्पादन गेल्या काही वर्षांत ७० लाख किलोंच्याही खाली उतरले आहे. २०१७ मध्ये तेथे १०४ दिवसांचा बंद झाला आणि त्या वर्षीचा दुसरा बहर झाडावरच राहिला. त्या धक्क्यातून अनेक मळे पुरते सावरलेले नाहीत. जुनी झुडपे, माणसांची टंचाई आणि लहरी पाऊस ही त्यात भर. अशा वेळी बाजारात ‘दार्जिलिंग’ मुबलक दिसते याचा अर्थ उघड आहे. सीमेपलीकडील नेपाळच्या इलाम भागातला चहाही त्या नावाखाली खपतो. इलामचा चहा चांगला असतो, मी आवडीने प्यायले आहे. पण तो इलाम म्हणून, इलामच्या भावात मिळावा. मागे एकदा घरबसल्या मागवलेल्या ‘दार्जिलिंग’च्या डब्यावर मळ्याचे नाव नव्हते, बहर नव्हता, खुडल्याचे वर्ष नव्हते, आत जो भुसा निघाला त्याला कसलाच वास नव्हता. तेव्हापासून या तीन गोष्टी ज्यावर लिहिलेल्या नाहीत ते पाकीट मी घेत नाही.

पाकिटावरच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या लांबलचक माळेला मात्र दबून जाऊ नये. माझ्या दुसऱ्या बहराच्या पाकिटावरची माळ उलगडली की स्पेशल फाइन टिप्पी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पिको असे सात शब्द बाहेर पडतात, आणि त्यात ऑरेंज असले तरी संत्र्याचा काही संबंध नाही. ही प्रतवारी मुख्यतः पान किती अखंड आहे आणि त्यात कळ्या किती आहेत हे सांगते, चव कशी आहे ते सांगत नाही. तुटक्या पानांची प्रत स्वस्त असते आणि लवकर उतरते. रोजच्या वापराला ती वाईट नाही.

साठवणीसाठी घट्ट झाकणाचा अपारदर्शक स्टीलचा डबा आणि मसाल्यांपासून दूरची फळी, एवढे पुरे. मी पहिले दोन आठवडे पाकिटे गरम मसाल्याच्या शेजारी ठेवली होती, आणि पहिल्या बहराच्या एका कपात दगडफुलाचा वास आला. फ्रीजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताना दव धरते.

पुढच्या वर्षाची यादी मी करून ठेवली आहे. शरदाचा बहर २५० ग्रॅम, डिसेंबरात, रोजच्या दुपारसाठी. दुसरा बहर १०० ग्रॅम, ऑगस्टमध्ये मागवायचा, म्हणजे तो दिवाळीपर्यंत भरात राहील. आणि पहिला बहर घ्यायचाच झाला तर एप्रिलअखेरीस, ५० ग्रॅमच्या वर नाही, तेही टँकर सुरू होण्याआधी पाणी भरून ठेवून.